वजा एक

शटर अर्धं ओढलं की मी यंत्राला विचारते,
काय काय उघडं आहे रे?
काळ्या चौकटीत एक ओळ, मग एंटर,
आणि ते सांगत जातं, जुनं आधी, नवं शेवटी,
खानावळीच्या उधारीच्या वहीसारखं:
खिडकीचा नंबर, कुठल्या पडद्यावर, कपाळावर काय नाव.

शहापूर, कोरे गल्ली. झेरॉक्स, डीटीपी, अर्ज भरून मिळतील.
यंत्र अकरा वर्षांचं. नऊ खिडक्या झाल्या की त्याला दम लागतो,
उतारा उघडता उघडता माणसाचा चहा होतो.
म्हणून ही स्क्रिप्ट. सतरा ओळी.
पॉलिटेक्निक सुटलं तरी बोटं विसरली नव्हती.

मराठी नावाची खिडकी डावीकडे, पडदा शून्य.
कन्नड नावाची उजवीकडे, पडदा एक.
इतकं सोपं वाटलं मला, आणि मी तर इथंच वाढलेली.

दुसऱ्याच दिवशी मुतगेकरांची पत्रिका आली.
मुलगी इथली, मुलगा गोकाकचा,
एकाच कागदावर दोन्ही लिप्या, फाइलच्या नावातही दोन्ही.
पहिल्या नियमानं तिला डावीकडे ओढलं,
दुसऱ्यानं उजवीकडे,
दर दोन सेकंदांनी, न थकता.
रेशनच्या रांगेतून आलेली नागव्वा बाकड्यावरून म्हणाली,
"अक्का, तुझी पत्रिका नाचूलालीय की!"
आम्ही दोघी पदर तोंडाला लावून हसलो.
मग मी तिला दोन्ही पडद्यांवर चिकटवली.
यादीत आता तिच्यापुढे येतं: वजा एक.
म्हणजे सगळे पडदे तिचे.
आकडा बघितला तर मात्र वाटतं, एकही नाही.

पण सांगायचं होतं ते पहिल्या ओळीबद्दल.

पहिली ओळ एका फोटोची. नाव नुसते आकडे,
मराठी नाही, कन्नड नाही,
कुठलाच नियम तिला हात लावत नाही.
यल्लोजी कंग्राळकर पेनड्राइव्ह घेऊन आला होता,
चप्पल पायरीवरच, आत न येता म्हणाला,
"बाबांचा फोटो कापून ठेव अक्का, फ्लेक्सच्या मापाचा.
छापू नको. नुसता तयार ठेव."
आणि इस्पितळाच्या दिशेनं गेला.

कुणाच्यातरी लग्नातला फोटो आहे.
लुमाण्णा गुलाबी फेट्यात, डोळे अर्धे मिटलेले,
खांद्यावर कुणाचातरी हात,
हात तेवढाच, माणूस चौकटीच्या बाहेर.
तो हात कापायचा राहिलाय.

मी रात्री यंत्र बंद करत नाही, झोपवते.
सकाळी उठलं की यादी.
पहिली ओळ तिथंच असली
की मी उदबत्ती लावते आणि शटर पूर्ण वर करते.

सतरा ओळींतली शेवटची कडक होती:
तीन दिवस हात न लागलेली खिडकी बंद कर.
चौथ्या दिवशी तिच्यावर मी अठरावी लिहिली:
ही सोडून.
कारण दिलं नाही. यंत्र विचारत नाही,
त्याचं ते एक बरं आहे.

काल यल्लोजी परत आला.
एक घडी घातलेला कागद, दोन झेरॉक्स,
चार रुपये मोजून ठेवले.
कागद उलटा होता. मी उलटाच काचेवर ठेवला,
म्हणजे तो वाचावा लागला नाही.
प्रती निघाल्या तेव्हा मात्र दिसलं: वरती इस्पितळाचं नाव,
खाली 'पुढील तपासणी', तारीख सोमवारची.
"बाबा जेवूलालेत," तो म्हणाला,
"आजपासून थोडं थोडं."
फोटोचं तो बोलला नाही,
मीही नाही.

रात्री परत यादी.
पत्रिका छापून गेली, ती ओळ गेली.
उताऱ्याची गेली.
वर एकटा तो, आकड्यांचं नाव घेऊन,
खांद्यावर हात तसाच.
आता बंद करायला काही हरकत नव्हती.
माउस तिथवर नेला.
कोपऱ्यात फुलीवर बोट थांबलं जरा,
आणि सोमवारपर्यंत म्हणून
मी खुर्ची सरकवून उठले.